मॅग्नेटला पॅकेज, कामगाराला लेटर

सकाळी पावणेसहाला डांगे चौकात कंपन्यांच्या बस थांबतात. कुणी चाकणला निघालेला असतो, कुणी तळेगावला. परवा चहाच्या टपरीवर एक ओळखीचा भेटला. वय पंचेचाळीसच्या पुढं, फिटर. तळेगावात एका छोट्या व्हेंडरकडं परमनंट होता, आता चाकणला ठेकेदाराकडं आहे. दर काही महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा नवीन गेटपास. समोर सिग्नलला नवी व्हेन्यू उभी होती. तिच्याकडं बघत म्हणाला, "दादा, ही आपल्या तळेगावची गाडी. फक्त आपण नाय तिच्यात."

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. जागतिक राजकारण, चीन, अमेरिका, टॅरिफ यावर टीव्हीवर रोज चर्चा असते. पण त्या राजकारणाचं बिल मावळात कुणाच्या घरी आलं, हे कुणी बोलत नाही. म्हणून तळेगावच्या त्या एका प्लांटची गोष्ट पुन्हा सांगतो. आपण पत्रकारांनीसुद्धा ती तुकड्या-तुकड्यात छापली आणि विसरून गेलो.

जनरल मोटर्सचा तळेगाव प्लांट २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या शेवटी कंपनीनं भारतात गाड्या विकणं बंद केलं, फक्त निर्यातीसाठी तळेगाव चालू ठेवलं. त्यांचा दुसरा प्लांट गुजरातेत हालोलला होता. तो चीनच्या सैक कंपनीनं घेतला, आज तिथं एमजीच्या गाड्या बनतात. हे लक्षात ठेवा. २०१७ मध्ये चिनी कंपनीला कारखाना विकायला काही अडचण नव्हती.

जानेवारी २०२० मध्ये तळेगावचाही सौदा ठरला, चीनच्याच ग्रेट वॉल मोटर्सशी. एप्रिलमध्ये केंद्रानं नियम बदलला. भारताला लागून सीमा असलेल्या देशांतून गुंतवणूक यायची तर सरकारची परवानगी लागणार. आणि मग ती तारीख आली, १५ जून २०२०. त्या दिवशी राज्य सरकारनं ग्रेट वॉलबरोबर ३,७७० कोटींच्या सामंजस्य करारावर सही केली. त्याच रात्री गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले. करार जागच्या जागी थांबला. परवानगी काही आली नाही. ३० जून २०२२ ला मुदत संपली, ग्रेट वॉलनं गाशा गुंडाळला.

मी त्या निर्णयाला चूक म्हणत नाही. सीमेवर रक्त सांडलेलं असताना कुठल्याही सरकारनं तेच केलं असतं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

प्लांटमधलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं होतं. कंपनीनं बंद करायची परवानगी सरकारकडं मागितली. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, १,४१९ कामगारांना ले-ऑफची पत्रं गेली. पुढं कोर्टकचेरी झाली, उपोषणं झाली, बायकापोरं येऊन रस्त्यावर बसली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईनं प्लांट घ्यायचा करार केला, जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. करारात काय होतं? जमीन, इमारती आणि ठरावीक मशिनरी. आम्हालाही सामावून घ्या, ही कामगारांची मागणी होती. पण कामगार ही काही मालमत्ता नाही, त्यामुळं ते सौद्याच्या यादीत नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तळेगावातनं बनलेली नवी व्हेन्यू बाजारात आली. प्लांट वाचला, नव्या नोकऱ्याही आल्या, हे मान्य करायलाच पाहिजे. पण जे पहिल्यापासून तिथं होते, त्यांचं काय?

आणि ते १,४१९ म्हणजे फक्त गेटच्या आतले. सीट, वायरिंग, प्रेस पार्ट देणारे व्हेंडर, त्यांच्याकडची पोरं, कँटीनवाला, बसवाला, हे कुठल्याच आकड्यात येत नाहीत. माझा टपरीवरचा मित्र त्यातलाच.

यात एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला. तेव्हा आपल्याकडं केवढा गदारोळ झाला! सगळे पक्ष रस्त्यावर, लाखभर नोकऱ्या पळवल्या म्हणून. पुढच्या जुलैमध्ये फॉक्सकॉननंच त्यातून अंग काढून घेतलं, नोकऱ्या गुजरातलाही मिळाल्या नाहीत. ज्या नोकऱ्या अजून जन्मालाच आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी एवढी आंदोलनं, आणि त्याच तळेगावात ज्यांच्या खऱ्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांच्या मंडपात फोटोपुरते नेते. मी तिथं गेलो होतो, मोजले होते.

आता दुसरी बाजू बघा. एप्रिल २०२५ मध्ये चीननं रेअर अर्थ मॅग्नेटच्या निर्यातीवर बंधनं घातली. मॅग्नेट नाही तर इलेक्ट्रिक मोटर नाही. आपल्या आकुर्डीत बनणाऱ्या चेतकचं उत्पादन त्या पावसाळ्यात अडखळलं. सरकार हललं. नोव्हेंबर २०२५ मध्ये देशातच मॅग्नेट बनवायला ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली. त्याआधी २०२१ मध्ये वाहन आणि सुट्या भागांच्या उद्योगाला उत्पादनाशी जोडलेल्या सवलतीपोटी २५,९३८ कोटी ठेवले होते. २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के, नव्या कारखान्यांना तर १५ टक्के.

या योजना वाईट नाहीत. चीनवर अवलंबून राहायचं नसेल तर पैसा घालावाच लागेल. पण हिशेब बघा. चीनशी भांडण झालं आणि कंपनीचा माल अडकला, तर सरकारी तिजोरी उघडते. त्याच भांडणात कामगाराची नोकरी गेली, तर त्यानं लेबर कोर्टात जायचं. देशासाठी किंमत मोजायची तर दोघांनीही मोजू, पण भरपाई एकालाच का?

विषमता म्हणजे कुणाच्या लग्नात किती खर्च झाला एवढंच नाही. २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या १ टक्का लोकांकडं गेला, असं थॉमस पिकेटी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सांगतो. तो डाव्यांचा आहे म्हणून सोडून द्या हवं तर. सरकारचाच आर्थिक पाहणी अहवाल घ्या, २०२४-२५ चा. त्यात लिहिलंय की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, नोकऱ्या वाढल्या १.५ टक्क्यांनी. हे चाकणच्या कुठल्याही ठेकेदाराच्या माणसाला विचारा, तो आकड्याशिवाय सांगेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरात ग्रॅच्युइटी, ही त्यातली चांगली गोष्ट. पण कारखाना बंद करायला सरकारची परवानगी आधी १०० कामगारांवर लागायची, आता ३०० वर. म्हणजे उद्या तळेगावसारखं पुन्हा झालं, तर मोठ्या प्लांटला निदान सरकारकडं अर्ज तरी करावा लागेल. त्याच्या दीडशे-दोनशे माणसांच्या व्हेंडरला तेवढंही नाही. आणि भोसरीपासून चाकणपर्यंत आपली निम्मी जनता अशाच युनिटमध्ये आहे, हे मी आकडेवारी म्हणून नाही, इथं राहणारा म्हणून सांगतोय.

काय करता येईल? मोठं तत्त्वज्ञान नको. एमआयडीसीची जमीन कंपनीच्या मालकीची नसते, ९५ वर्षांच्या लीजवर असते. एका कंपनीकडून दुसरीकडं जाताना एमआयडीसीची परवानगी लागते. ती देताना हस्तांतराचं शुल्क बघता ना? मग तिथंच अट घाला: आधीच्या कामगारांना नव्या भरतीत पहिला हक्क, आणि मधल्या काळात कामगार आणि त्याच्या व्हेंडरच्या माणसालाही पगाराचा ठरावीक भाग, जिथं सौदा सरकारच्या निर्णयामुळं अडलाय तिथं सरकारच्या खात्यातून. ८० टक्के स्थानिकांची अट कागदावर वर्षानुवर्षं आहेच. तिच्यात जुन्या कामगारांसाठी एक ओळ घालायला किती वेळ लागतो?

"अशा अटी घातल्या तर गुंतवणूकदार पळतील," असं एका अधिकाऱ्यानं मला ऐकवलं. तयार प्लांट, तयार रस्ता, पाणी, वीज, मुंबईचं बंदर जवळ आणि हात बसलेला फिटर. यातल्या शेवटच्यामुळं कोण पळतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

आपल्या भागातल्या आमदार-खासदारांच्या कार्यालयांना मी हा प्रश्न लेखी पाठवतोय: तळेगाव-चाकणमध्ये पुढचं हस्तांतर होईल तेव्हा ही अट मागणार का, हो किंवा नाही. उत्तर आलं की इथंच टाकतो. पंधरा दिवसांत नाही आलं, तर तेही टाकतो.