हूक, हमी आणि उलाळ

हमीपत्र हा घराघरांतला न वाचला जाणारा ग्रंथ. बहिणाबाईंचे माहेर जे असोदे, तेथे माझ्या मामेभावाकडे तो बियाण्यांच्या पावत्यांत सापडला. नव्या ट्रॅक्टरला मोठी ट्रॉली जोडायची, म्हणून हूक वर चढवून घ्यायचा बेत होता. मिस्त्री म्हणे, “तासाभराचं वेल्डिंग, भाऊ!” कागदात मात्र बारीक टाइपात लिहिलेले : परवानगीवाचून फेरफार केल्यास हमी रद्द.

हमीचे एक वेळ सोडा. ओढ मागच्या आसाच्या वर गेली, की ट्रॅक्टर पुढची चाके उचलून चालकावर उलटू शकतो. बैलगाडी उलाळ होते म्हणजे काय, हे मामांना सांगायला नको. येथे गाडी नव्हे, ओढणाराच उलाळ होतो! आणि त्यावर बसणार मामांचा नातू.

तेव्हा जोड कंपनीचाच, आणि हमी चालू राहील असे विक्रेत्याकडून लेखी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा स्वकष्टाने पोट भरण्यासाठीच यंत्र वापरणाऱ्यालाही ग्राहक मानतो. तक्रारीस मुदत दोन वर्षे. विक्रेता आधी “बघू” म्हणाला. मामांनी दुकानातच बैठक मारली; चहा झाला, पान झाले, चौथ्या तासाला शिक्का उमटला.