सेनापतीचा गौरव कशासाठी?

९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंग्यासाठी गोळ्या झेलणाऱ्या शिरीषकुमारचा वारसा नंदुरबार जिल्ह्याला लाभला आहे. तेथील धानोऱ्यासारख्या गावच्या विद्यार्थ्यांना शौर्य म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. युद्धकाळातील नेतृत्व म्हणजे काय, हे मात्र सांगावे लागते. कारण सैनिकाचे शौर्य डोळ्यांना दिसते, सेनापतीचा निर्णय दिसत नाही. म्हणूनच २६ जुलैच्या कारगिल विजय दिनी शाळाशाळांतून जवानांबरोबरच तत्कालीन हवाई दलप्रमुख, एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस यांच्या नेतृत्वाचेही स्मरण व्हावयास हवे.

हवाई हल्ल्यांना १९९९ च्या २६ मे रोजी प्रारंभ झाला. नियंत्रण रेषा ओलांडावयाची नाही, असे सरकारचे बंधन होते. पंधरा ते अठरा हजार फूट उंचीवरील विरळ हवेत बॉम्बफेकीची नेहमीची गणिते चुकत होती. २७ मे रोजी दोन विमाने गमवावी लागली. स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा यांना वीरमरण आले. दुसऱ्या दिवशी शत्रूने एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले आणि त्यातील चौघेही धारातीर्थी पडले.

अशा वेळी जुनीच रीत हट्टाने चालविणे किंवा हाय खाऊन थांबणे, हे दोन्ही मोह होते. हवाई दलाने ते टाळले. सशस्त्र हेलिकॉप्टरे हल्ल्यांतून काढून घेतली. विमाने खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याबाहेरून हल्ले करू लागली. मिराज-२००० विमाने पुढे आली. १७ जूनला मुंथो ढालो येथील शत्रूच्या रसदतळावर मारा झाला, तर २४ जूनला टायगर हिलवर लेसर-नियंत्रित बॉम्ब टाकण्यात आले. नियंत्रण रेषेचे बंधन मात्र अखेरपर्यंत पाळले गेले.

हवाई दलाने आरंभी विलंब लावला, अशी टीका पुढे झाली. परंतु सरकारच्या मंजुरीवाचून हवाई बळ वापरू नये, हा टिपणीसांचा आग्रह लोकशाही राष्ट्राच्या सेनापतीला शोभणाराच होता. युद्धाचा विस्तार किती व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार लोकनियुक्त सरकारचा आहे, सेनापतीचा नव्हे.

पहिल्या तीन दिवसांत पाच वीरांनी दिलेले मोल झाकून केलेला गौरव ही निव्वळ खुशामत ठरेल. त्या मोलापासून जो त्वरित शिकतो आणि विजयाच्या ओढीतही मर्यादा सोडीत नाही, तोच खरा सेनापती होय. विद्यार्थ्यांना सांगावयाचे ते हेच.