घोडा कोणाचा, घर कोणाचे?

पहिल्या तारखेला बँकेत माजी सैनिकांची रांग लागे. कुणी शिरोळकडचा, कुणी कागलचा. काउंटरच्या आत बसून ती रांग मी वर्षानुवर्षे पाहिली. त्या पेन्शनवर घरे चालत, मुलींची लग्ने होत.

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि मला ती रांग आठवली. नोकरी चार वर्षांची. चौघांतला फार तर एक कायम होणार. बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये मिळणार, पेन्शन नाही.

सैनिकाला कोण पोसतो, हा प्रश्न जुना आहे. युरोपात जहागीरदार राजाला ठरावीक दिवसांपुरती माणसे पुरवीत. १४४५ मध्ये फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने कायम पगारी घोडदळ उभारले आणि राजाची सरदारांवरची भिस्त कमी होऊ लागली. आपल्याकडे शिलेदाराचा घोडा स्वतःचा, तर बारगिराचा सरकारी. शिवछत्रपतींचा भर पागेतल्या बारगिरांवर आणि रोख वेतनावर होता. ज्याचा घोडा सरकारचा, त्याची निष्ठाही सरकारशी.

१६८९ नंतर राजाराम महाराज जिंजीला, खजिना रिकामा, मोगल दारात. सरदार टिकवण्यासाठी वतने आणि सरंजाम द्यावे लागले. राज्य तगले, पण फौजा सरदारांच्या झाल्या. कोल्हापूर दरबारच्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी दिलेला इशारा याच अनुभवातला.

मग नुसता पगार पुरतो का? महादजी शिंद्यांनी द बॉयनकडून पगारी कवायती पलटणी उभारल्या. त्या नावाजल्याही. पण १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच त्यांतले अनेक गोरे अधिकारी चाकरी सोडून गेले. त्यांचे नाते पगारापुरतेच होते.

महाराजांचा हिशेब याहून मोठा होता. अफझलखानाच्या स्वारीत जे पडले, त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मुलगा नव्हता, त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले, असे सभासद सांगतो. घोड्याबरोबर शिपायाचे घरही सरकारने आपले मानले होते.

सैन्य तरुण हवे, पेन्शनचा बोजा वाढता आहे, ही सरकारची बाजू खोटी नाही; बँकेत आयुष्य घालवलेल्याला ती कळते. पण परतणाऱ्या तिघांच्या कामाची सोय आधी पक्की हवी. पहाटे आपल्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी पोरे पळताना घड्याळ बघतात. चार वर्षांनंतरचे त्यांच्या घरच्यांनी बघायचे, की सरकारने?