सातबाऱ्यावर गृहलक्ष्मीचे नाव

भंडारा जिल्हा हा धानाचा व तलावांचा जिल्हा. पावसाळ्यात बांध्यांत चिखलणी झाली, की पऱ्हे उपटण्यापासून रोवणी व निंदणापर्यंत कंबर वाकवून राबते ती स्त्रीच. परंतु सातबाऱ्यावर तिचे नाव बहुधा नसते. म्हणून पीककर्ज व धानाचा चुकारा पुरुषाच्या नावे होतो आणि शेतकरी म्हणून तिची गणनाच होत नाही.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेतही शेतीचे शिक्षण मुख्यतः पुरुषास व गृहशास्त्राचे स्त्रीस, अशीच विभागणी झाली. जी रोवणी करते, तिलाच सुधारित रोवणीची माहिती शेवटी मिळावी, यात शेतीचेही नुकसान आहे.

शासनाने १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्ती योजनेद्वारे पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. नाव लावल्याने जमिनीचे तुकडे पडतील, ही भीती अनाठायी आहे. जमीन त्याच घरात राहते, मात्र ती विकण्यापूर्वी दोघांचा विचार घ्यावा लागतो.

ग्राम कार्यकर्त्यांनी हा विषय ग्रामसभेत मांडावा व इच्छुकांस तलाठी कार्यालयात अर्ज करण्यास साहाय्य करावे. शेतकरी बंधूंनीही विचार करावा : जिच्या हातांनी बांधी हिरवी होते, तिचे नाव त्या बांधीच्या कागदावर का नसावे?