वर्षाचे हॉप्स

शनिवारी सकाळी गॅरेजमधल्या टेबलावर धुतलेली चादर अंथरली, तराजू मांडला आणि पाच किलोची चंदेरी पिशवी कात्रीने कापली. आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अगं, पपनस सोललंय का कुणी?"

पपनस नव्हतं, हॉप्स होते. घरी बिअर करणाऱ्या आम्हा पाच घरांची वर्षाची खरेदी त्या पिशवीत होती. सिएटलजवळच्या आमच्या वस्तीत दर सप्टेंबरात हा कार्यक्रम होतो. यंदा आई कराडहून आली होती, म्हणून तो तिच्या देखत झाला. ती बिअर पीत नाही. पण मिरच्या, हळकुंडं आणि धणे यांचा वर्षभराचा हिशेब तिने चाळीस वर्षं सांभाळला आहे. साठवणीच्या गोष्टी तिला सांगाव्या लागत नाहीत.

हॉप्स ही एका वेलाची फुलं. बिअरचा कडवटपणा आणि बराचसा सुवास त्यांच्यातून येतो. अमेरिकेतले निम्म्याहून खूप जास्त हॉप्स याच राज्यातल्या याकिमा खोऱ्यात पिकतात. आमच्याकडून निघून कॅस्केड पर्वताचा घाट ओलांडला की हिरवी झाडी मागे पडते आणि कोरडी, करडी माळरानं सुरू होतात. महाबळेश्वरकडून माणदेशात उतरावं, तसंच. ढग आमच्या बाजूलाच रिकामे होतात आणि पलीकडची शेती नदीच्या पाण्यावर चालते. त्या रानात उंच खांबांना तारा बांधलेल्या असतात आणि तारांवरून सोडलेल्या सुतळ्यांवर वेल पाच-साडेपाच मीटरपर्यंत चढतात. ऑगस्ट संपता संपता तोडणी सुरू होते आणि महिनाभरात आटोपते. वर्षातून एकदाच. म्हणून बेगमी करावीच लागते.

मागच्या वर्षी तिथून आणलेलं एक सुकं फूल मी आईच्या तळहातावर ठेवलं. तिने ते चुरडलं. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी धमक भुकटी असते, ती बोटांना चिकटली. तिचं नाव ल्युप्युलिन, आणि फुलाची सगळी किंमत त्या भुकटीत. त्यातली अल्फा आम्लं उकळीत बदलतात आणि कडवटपणा देतात. त्यातलं तेल वास देतं. तोडलेल्या फुलात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी असतं, ते गरम हवेच्या भट्टीत आठ-दहा टक्क्यांवर आणतात. मग बहुतेक माल दळून, दाबून त्याच्या बारीक कांड्या करतात. आमच्या पिशवीत त्याच होत्या, कोंबडीच्या खाद्यासारख्या दिसणाऱ्या, हिरव्यागार.

खरेदीचं गणित कुणालाही मोहात पाडेल असं आहे. सुटं 28 ग्रॅमचं पाकीट घेतलं तर जो भाव पडतो, त्याच्या निम्म्याहून कमी भावात मोठी पिशवी येते. पहिल्या वर्षी मी त्याच भावाकडे पाहून तीन जातींचे दोन-दोन पौंड हॉप्स घेतले. पिशव्या उघडल्या, रबर लावून बंद केल्या आणि फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ठेवल्या. फेब्रुवारीत त्यातली एक पुन्हा उघडली, तर खवट चीजचा वास आला. अल्फा आम्लांची हवेशी गाठ पडली की ती तुटतात आणि आयसोव्हॅलेरिक आम्लासारखं काहीतरी मागे उरतं. पायमोज्यांना जो वास येतो, तोही त्याचाच. ते हॉप्स मी बागेतल्या खताच्या ढिगावर टाकले. एका शेतकऱ्याचं वर्ष आणि एका वेलाचा उन्हाळा मी असा घालवला, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी भाव नंतर बघते. आधी मोजते, पुढच्या सप्टेंबरपर्यंत आपण किती वेळा बिअर करणार? एका खेपेला माझी एकोणीस लिटर होते आणि पेल एल नावाच्या साध्या बिअरला साठ-सत्तर ग्रॅम हॉप्स लागतात. महिन्याला एक खेप धरली, तर वर्षाला पाऊण किलो. माझ्या वाट्याला एक किलो येतं, त्यातलं पाव किलो मी वासासाठी सढळ हाताने घालते. त्याच्या वर एक ग्रॅमही नको. (कायदाही इथे मोजून देतो: 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरची बिअर मोकळी झाली, पण दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन आणि विकायची नाही. आम्ही त्या आकड्याच्या आसपासही जात नाही.)

जातही बघावी लागते. कॅस्केड ही 1972 साली आलेली जात मला सर्वांत प्रिय. आईला पपनस आठवलं ते तिच्यामुळेच. पण ती टिकायला नाजूक. उबेला सहा महिने उघडी राहिली तर तिचा कडवटपणा जवळपास निम्मा होतो. गॅलिना ही दुसरी जात तेवढ्याच काळात तीन चतुर्थांश राखते. म्हणून कॅस्केड आधी संपवायची. बेल्जियममध्ये लॅम्बिक नावाची बिअर करणारे मुद्दाम दोन-तीन वर्षांचे जुने हॉप्स घालतात, कारण त्यांना कडवटपणा नको असतो, बिअर टिकवणारा गुण मात्र हवा असतो. ते त्यांचं शास्त्र. माझ्या पेल एलला ते लागू नाही.

टिकवणुकीचे शत्रू तीन: हवा, ऊब आणि प्रकाश. आम्ही प्रत्येकाच्या वाट्याचे शंभर-शंभर ग्रॅमचे पुडे करतो आणि यंत्राने हवा ओढून जाड पिशवीचं तोंड वितळवून बंद करतो. मग ते पुडे उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये सगळ्यात खाली, मागे ठेवतो. दार उघडलं की ज्या कप्प्याला वारा लागतो, तिथे कधीच नाही. पुडा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय मी उघडत नाही. नाहीतर थंड कांड्यांवर हवेतलं पाणी धरतं.

आई पुड्यांवर हात फिरवत बघत होती. एक तिने उचलला, दाबला आणि परत माझ्याकडे दिला. "ह्याच्यात वारा राहिलाय. परत कर." तिचं बरोबर होतं. तोंडाशी चुरी अडकली होती आणि बारीक फट राहिली होती. घरी मसाला कांडून आणला की ती बरणीत मुठीने दाबून दाबून भरते, वर हिंगाचे खडे ठेवते आणि फडकं बांधते. वाफ, वारा, ओला चमचा, यांचा तिला मसाल्याजवळ राग आहे. तिचा तो राग मला लहानपणी कळला नव्हता.

दुपारपर्यंत पन्नास पुडे झाले. बाकीचे आपापले दहा घेऊन गेले. माझ्या दहांवर आईने खडूसारख्या जाड पेनाने जात, साल आणि पिशवीवर छापलेला अल्फाचा आकडा देवनागरीत लिहिला, कारण हॉप्स जुने झाले की त्या आकड्यातून घट वजा करून माप वाढवावं लागतं. शेवटच्या पुड्यावर तिने विचारून घेतलं, "हा कधी उघडशील?"

"पुढच्या ऑगस्टात."

तिने खाली लिहिलं: ऑगस्ट. आणि त्याखाली एक रेघ ओढली.