स्वस्त कापडाचे बिल कोणाच्या नावावर?



ठाणे-बेलापूर रस्त्यावर घणसोली नावाचे गाव आहे. आगरी-कोळ्यांचे, भातशेती आणि खाडीतल्या मासळीवर जगणारे. आधी एमआयडीसी आली, मग सिडको. शेती संपादनात गेली आणि गाव गावठाणापुरते उरले. तिथे कपाशीचे बोंड कधी फुटले नसेल, पण आपल्या कपाशीचा प्रतिस्पर्धी पाहायचा तर घणसोलीलाच जावे. रिलायन्सचे भलेमोठे कार्यालयी संकुल तिथे आहे. याच उद्योगसमूहाने १९८२ साली पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू केला. जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातलेले 'शीइन' हे मूळचे चिनी, मोबाइलवरचे कपड्यांचे दुकान फेब्रुवारी २०२५ मध्ये देशात परत आणले तेही त्यानेच. आता म्हणे माल इथेच शिवतात. या जातीच्या दुकानांचा हिशेब जगभर एकच असतो: भाव इतका कमी ठेवायचा की गिऱ्हाइकाने चार वेळा घालून टाकून द्यावे आणि नवे घ्यावे.

१९८२ च्या १८ जानेवारीला गिरणगावात संप सुरू झाला. सुती गिरण्या थंडावल्या आणि त्याच वर्षी खनिज तेलाचा धागा निघू लागला. हा योगायोग म्हणू. १९८५ चे वस्त्रधोरण योगायोग नव्हते. कृत्रिम धाग्याला त्याने मोकळे रान दिले. शेतकरी चळवळीने त्या कापडाला 'राजीव-वस्त्र' म्हणत त्याच्या होळ्या केल्या, तेव्हा शहरातले शहाणे हसले होते. आज जगातल्या एकूण धाग्यात निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे. कापूस पाचव्या हिश्शावर आला आहे.

'सुती महाग पडते' असे सांगतात. मग हिशेबच मांडू. एका साध्या सुती सदऱ्याला घट धरून पाऊण किलोच्या आसपास कापूस लागतो. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. म्हणजे सदऱ्यात आपला वाटा अठ्ठावन्न रुपये, आणि त्यातली सरकी वेगळी विकली जाते ती वेगळीच. क्विंटलमागे दोन हजार वाढवून दिले तरी सदरा पंधरा रुपयांनी महागेल. या पंधरा रुपयांसाठी सरकारने काय केले? १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. नेमकी आपली वेचणी घरात यायची वेळ. व्यापाऱ्याचा भाव हमीभावाच्या खाली बसला यात नवल ते काय?

स्वस्ताई अशीच तयार होते: कोणाच्या तरी घामाचे दाम बुडवून. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात साभारची राना प्लाझा इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. बहुतेक शिलाई कामगार, त्यांत बाया जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी सकाळी त्यांना कामावर चढवले. तामिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदी नासली. विहिरी खारट झाल्या, शेते गेली. तिथले शेतकरी कोर्टात गेले, वर्षानुवर्षे भांडले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे शेकडो कारखाने बंद करायला लावले. बनियनच्या किमतीत त्या विहिरी कोणी धरल्या होत्या?

आणि जुने झाल्यावर? सुती लुगड्याची वाकळ व्हायची, वाकळ विरली की बाळाची दुपटी, मग चुलीपाशी फडके, शेवटी उकिरड्यावर माती. पॉलिएस्टरचे यातले काही होत नाही. घाम टिपत नाही, विस्तवाचा कण पडला तर वितळून कातडीला चिकटते. बोहारीणसुद्धा ते हातात घेऊन नाक मुरडते. उकिरड्यातून खतात, खतातून शेतात येते आणि वखराला गुंडाळते. शहरात ते कचरा-डेपोवर पडते. प्रत्येक धुण्यात निघणारे बारीक तंतू गटारातून खाडीत जातात. घणसोलीच्या कोळ्याने आधी जमीन दिली, आता जाळेही द्यायचे. त्या ठाणे खाडीला २०२२ साली रामसर यादीत मान मिळाला म्हणून सत्कार झाले, हे जाता जाता.

आम्ही बंदी मागत नाही. बंदीचे खेळ आपण कापूस एकाधिकारात पुष्कळ पाहिले. ज्याला जे घालायचे ते घालावे, पण बिल ज्याचे त्याने भरावे. प्लॅस्टिकच्या वेष्टनाची विल्हेवाट कायद्याने उत्पादकावर टाकली आहे, मग प्लॅस्टिकच्या सदऱ्याची का नाही? जिल्हा मेळाव्यात दोन ठराव येतील: टाकाऊ कृत्रिम कपड्यांच्या विल्हेवाटीचा खर्च बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर टाकावा, आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात कापसाच्या आयात शुल्कात सूट देऊ नये. प्रत्येक गावाने सह्यांचे कागद घेऊनच यावे. येताना घरातला टाकलेला एकेक पॉलिएस्टरचा कपडा आणावा. जाळायचा नाही, धूर आपल्याच छातीत जातो. गाठोडे बांधून वस्त्रोद्योग मंत्रालयाला पार्सल करू, पोस्टाचा खर्च वर्गणीतून.