आधी आपल्या माणसाकडे

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकाविषयी बोलताना आपला आवाज हळवा होतो. ‘ती माणसंच वेगळी होती’ असं म्हणून आपण मोकळे होतो. आम्हाला ते पटत नाही. मोह तेव्हाही होता, आणि संसदेत तो १९५१ मध्येच उघडा पडला.

एच. जी. मुद्गल हे सत्ताधारी पक्षाचे खासदार. मुंबईतल्या सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन त्यांनी संसदेत तिची कड घेतल्याचा आरोप झाला. चौकशी समितीचा ठराव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला. अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी; सदस्यांत जी. दुर्गाबाई, म्हणजे पुढच्या दुर्गाबाई देशमुख. ठपका येताच मुद्गलांनी राजीनामा दिला. सभागृहाने तेवढ्यावर भागवलं नाही; हे वर्तन हकालपट्टीच्याच लायकीचं होतं, अशी नोंद केली.

दुर्गाबाईंशी पुढे ज्यांचा विवाह झाला ते चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय आणि तिथल्या आंदोलकांवरच्या गोळीबाराच्या चौकशीला मिळालेला नकार त्यांना सोसवला नाही. १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. महाराष्ट्र हे विसरलेला नाही. पण त्यांच्या खुर्चीवर कोण आलं, ते फारसं आठवत नाही. आले तेच कृष्णम्माचारी.

वर्षभरातच मुंदडा प्रकरण निघालं. आयुर्विमा महामंडळाचे, म्हणजे विमेदारांचे, सव्वा कोटीच्या आसपास रुपये मुंदडा या उद्योगपतीच्या डळमळीत कंपन्यांत गुंतवले गेले होते. लोकसभेत प्रश्न लावून धरला फिरोज गांधींनी. पक्ष सत्ताधारी, नातं पंतप्रधानांच्या जावयाचं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड्या दारांनी चौकशी केली. आत मावेनात इतके लोक आले, तेव्हा बाहेर ध्वनिक्षेपक लावले गेले. सारं काम २४ दिवसांत उरकलं. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. सात वर्षांपूर्वी ज्यांनी दुसऱ्याचा न्याय केला होता, त्यांनाही सूट मिळाली नाही.

त्या पिढीचं आम्हाला मोठं वाटतं ते हे. विरोधकाचा हिशेब मागायला धैर्य लागत नाही. जावयाने सासऱ्याच्या सरकारला तो भर सभेत मागायला लागतं.

वाचकहो, तुमच्या पतसंस्थेची, गृहनिर्माण संस्थेची, गावच्या वाचनालयाची वार्षिक सभा चुकवू नका. तिथे उभे राहा आणि हिशेब मागा, आधी आपल्या माणसाकडे.